कैसूच्या फळ्यावरचा तीस

माझी मेहुणी कैसू. सारिकोस्कीच्या लगदा गिरणीत तिच्याइतकं खरं माणूस दुसरं नव्हतं, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर ती लगेच म्हणाली असती, "खरी म्हणजे किती, दाजी? मोजलंत का? की आपलं अंदाजपंचे?"

अंदाजपंचे तिला काही चालत नसे. बटाटे उकडायला ठेवले की सायमी, म्हणजे माझी बायको आणि कैसूची थोरली बहीण, काटा टोचून बघायची. कैसू घड्याळ बघायची. दोघी बहिणी युद्धात पूर्वेकडचा करेलिया प्रांत शत्रूकडे गेला तेव्हा तिथलं गाव सोडून आल्या. घर गेलं, गोठा गेला, बापाचं थडगंसुद्धा पलीकडे राहिलं. जीभ तेवढी दोघींनी सीमेच्या अलीकडे शाबूत आणली. आमच्या बाजूची माणसं दिवसभरात जेमतेम पाचदहा वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी गाईशी. कैसू तेवढी कॉफी ओतता ओतता संपवायची. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, आमच्याच माडीवरच्या खोलीत राहणारी. पूर्वी रेल्वेतला एक होता, गोष्ट अंगठीपर्यंत गेली होती. तो स्वीडनला मोटारी जोडायला म्हणून गेला तो गेलाच. त्यानंतर कैसूने माणसांवरचा विश्वास काढून घेतला आणि काचेच्या नळीवर ठेवला.

कारण गिरणीत ती लिग्निन मोजायची. लाकूड म्हणजे नुसते धागे, आणि त्या धाग्यांना धरून ठेवणारा डिंक म्हणजे लिग्निन. आमचा सगळा धंदा हा डिंक काढण्याचा. तीन मजली उंच लोखंडी हंड्यात पाइनच्या आणि स्प्रूसच्या ढलप्या भरायच्या, त्यावर कॉस्टिकचं जहाल पाणी सोडायचं, झाकण आवळायचं आणि वाफेवर तासन्‌तास शिजवायचं. डिंक पाण्यात उतरतो, पाण्याचा काळाकुट्ट काढा होतो, आणि सगळ्या गावाला सडक्या कोबीचा वास सुटतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही म्हणतो, वास येतोय ना, मग पगारही येणार.

हंड्यावरच्या माणसाला आमच्याकडे आचारी म्हणतात, आणि हे आचारी स्वतःला लग्नाच्या आचाऱ्यापेक्षा काकणभर सरस समजतात. कुठे थांबायचं ते त्यांनी ठरवायचं. लवकर हंडा सोडला तर लगदा कच्चा, त्यात काटक्या राहतात. उशीर केला तर अति तिथं माती. डिंकाबरोबर धागाही मरतो आणि कागद टरकन फाटतो. हंडा सुटला की बादलीभर लगदा कैसूकडे जायचा. ती तो धुवायची, पिळायची, वाळवून चिमूटभर तोलायची आणि त्यावर जांभळं औषध घालायची. उरलेला डिंक ते औषध खातो. किती खाल्लं ते ती थेंबाथेंबाने मोजायची आणि आकडा काढायची. तीस आला की उत्तम. तिसाच्या वर कच्चा, तिसाच्या खाली गाळ.

हा आकडा ती कॉफीच्या खोलीतल्या फळ्यावर आचाऱ्याच्या नावापुढे खडूने लिहायची. आता गंमत अशी, की आठवड्यात ज्याचा आकडा तिसापासून सगळ्यांत लांब, त्याने शनिवारी गिरणीच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, लाकडं फोडायची आणि तळ्यावरून पाणी ओढायचं. बाकीच्यांनी पायऱ्यांवर बसून बीअर प्यायची आणि कुऱ्हाड कशी धरावी याबद्दल सल्ले द्यायचे. ही रीत कोणी लावली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

म्हणून तर आचारी कैसूची मनधरणी करत. हानेस नावाचा एक आचारी, तोंडाने तिखट आणि हाताने फिका, त्याने एकदा दलदलीतल्या पिवळ्या बोरांची बरणी तिच्या टेबलावर ठेवली. कैसूने बरणी घेतली, फळ्यावर छत्तीस लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी घासूनपुसून परत दिली. "बोरं छान होती रे हानेस," ती म्हणाली. "लगदा नव्हता."

आणि मग आर्मास. पंचेचाळिशीचा, एकटा, तळ्याच्या पलीकडे राहणारा. हाताचे पंजे असे की त्यात कॉफीचा कप दिसेनासा व्हायचा. आचाऱ्यांतला सगळ्यांत मुखदुर्बळ. हात वाईट नव्हता त्याचा, पण मन डळमळीत. सोडू की थांबू, सोडू की थांबू, असं करत एकदा लवकर सोडायचा आणि एकदा उशिरा.

एप्रिलमधली गोष्ट. तळ्यावरचा बर्फ फुटत होता. कैसूने त्याच्या नावापुढे पस्तीस लिहिले तशी हानेसने संधी साधली. "आर्मास, याचा कागद नको करूस बाबा. सरळ होडी बांध."

सगळे खिदळले. कैसूला आर्मासची दया आली असावी, पण तिची दयासुद्धा जिभेवरून घसरतच यायची. "हसू दे त्यांना," ती म्हणाली. "आर्मास, तू मला एकदा नेमका तीस आणून दाखव. त्या दिवशी तुझ्याबरोबर चर्चमध्ये उभी राहते की नाही बघ!"

पुन्हा हशा. आर्मास तेवढा हसला नाही. त्याने कॉफी संपवली, कप विसळला, खुंटीला अडकवला आणि दाराशी थांबला.

"नेमका?"

"नेमका."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

आमच्याकडे "बरं" म्हणजे स्टँपपेपर. संध्याकाळी घरी मी कैसूला म्हटलं, "आता काय करशील? तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय."

"चेष्टा केली हो दाजी."

"तू केलीस चेष्टा. त्याने ऐकलं वचन."

"त्याच्याच्याने व्हायचं नाही," कैसू म्हणाली, पण बटाटे सोलता सोलता तिचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. बटाट्यांचा पार गाळ झाला.

दुसऱ्या दिवसापासून आर्मास आपली बादली स्वतः घेऊन खाली येऊ लागला. एरवी हे हमालाचं काम. हा चार जिने उतरून यायचा, बादली ठेवायचा, तिच्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा ठेवायचा आणि लॅबच्या दारात उभा राहायचा. पहिल्या दिवशी कैसूने विचारलं, "ही काय लाच आहे?"

"मासा आहे," आर्मास म्हणाला.

आकडा निघेपर्यंत तो हलायचा नाही. ती बडबडत राहायची, तो ऐकत राहायचा. चुकलेला आकडा ऐकला की मान हलवायचा आणि चार जिने चढून परत हंड्यावर. मासा मात्र आमच्या घरी यायचा. लोण्यात परतलेला, वर शेपूची पानं, सोबत राईचा पाव. खोटं कशाला सांगू, त्या वसंतात मी चांगला बाळसेदार झालो. मनातल्या मनात म्हणायचो, देवा, या माणसाला तीस मिळू दे, पण सावकाश.

आणि तसंच चाललं होतं. आर्मासचा आकडा तिसाच्या भोवती पिंगा घालायचा, पण तिसावर बसायचा नाही. आज तेहेतीस, म्हणून उद्या जरा जास्त शिजवला तर सत्तावीस. मग जरा कमी, तर बत्तीस. मधला तीस जणू कोणी चोरून नेला होता. बाकीच्यांचे आकडे नेमके त्या दिवसांत त्याहून जवळ पडत होते. शनिवारमागून शनिवार आर्मास लाकडं फोडत होता आणि हानेस पायरीवर बसून त्याला कुऱ्हाड शिकवत होता.

इथे माझं खातं आडवं आलं. मी ब्लीचिंगला होतो. शिजवूनही जो डिंक उरतो तो मी क्लोरीनने उडवतो आणि लगदा पांढरा करतो. किती डिंक उरलाय ते फळा सांगतो, तेवढाच क्लोरीन सोडायचा. कमी पडला तर लगदा पिवळा राहतो, जास्त झाला तर धागा दुबळा. मे महिन्यात माझ्याकडे क्लोरीन उरायला लागला. टाकीपाशी गेलं की नाकात झिणझिण्या, डोळ्यांना धारा. व्हॉल्व्ह खोलून पाहिला, ठीक. मीटर तपासला, ठीक. कागदवाले बोंबलायला लागले की ताउनोचा, म्हणजे माझा, लगदा नुसता बघितला तरी फाटतो.

लिंडरूस साहेब लॅब आणि ब्लीचिंग दोन्हींवर होते. त्यांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, "ताउनो, हात थरथरतो का रे हल्ली? घरी सगळं ठीक ना? बाटली वगैरे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने आयुष्य क्लोरीनच्या चावीवर घालवलं, त्याला बाटली विचारता? मग मी पाळत ठेवली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. क्लोरीन रोज उरत नव्हता. फक्त आर्मासच्या पाळीला उरायचा. त्यातही फळ्यावर त्याचा सत्तावीस असला तर बिनबोभाट. बत्तीस किंवा तेहेतीस असला की माझ्या डोळ्यांतून गंगा. म्हणजे लगद्यात तेवढा डिंक नव्हताच. फळा खोटं बोलत होता.

कैसूचा फळा! असा विचार मनात आणायचीसुद्धा मला लाज वाटली. पण बाटलीचं बोलणं पचत नव्हतं. तेव्हा एका सकाळी, आर्मासच्या नावापुढे तेहेतीस ताजे असताना, मी धुलाईच्या पिंपातून त्याच लगद्याची मूठ उचलली, भांड्यात घातली आणि कैसूकडे नेऊन ठेवली. "हानेसचा आहे," म्हटलं. "तो म्हणतो, परत एकदा बघ."

तिने मोजला. "तीस," ती म्हणाली. "आंधळ्या कोंबडीलाही कधी दाणा सापडतो म्हणायचा!"

मी भांडं उचललं आणि निघालो. संध्याकाळी ती तळ्याच्या धक्क्यावर गालिचे धूत होती. जून महिना, गावातल्या सगळ्या बायका धक्क्यावर. काळ्या काढ्यावर जो पाइनचा साबण तरंगतो तो गिरणीतून आणायचा आणि त्याने वर्षाचे गालिचे घासायचे. इतर बायका निघून जाईपर्यंत मी वाट पाहिली.

"कैसू, सकाळचा तो तीस हानेसचा नव्हता. आर्मासचा होता."

तिचा ब्रश थांबला. "दाजी, तुम्ही मला फसवलंत?"

"मी? वा गं वा! महिनाभर नाकातून पाणी गाळतोय मी, साहेब मला दारुडा ठरवतायत, आणि फसवलं मी?"

ती काही बोलली नाही. कैसू काही बोलली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि माझा राग निम्मा तिथेच उतरला.

"कितीदा आला?" मी विचारलं.

"चारदा. पहिला मेमध्ये. इतका स्वच्छ तीस, दाजी, की मी दोनदा मोजला. तो दारात उभा होता. मी तोंड फिरवून डोळे पुसले आणि त्याला बत्तीस सांगितले."

"अगं पण का? तुला तो नकोय का?"

"नको असता तर पहिल्याच दिवशी चेष्टा होती म्हणून सांगून मोकळी झाले असते."

"मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

तिने ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा काढला. "तीस आला की संपलं," ती म्हणाली. "मग बादली घेऊन कोण येणार? चार जिने उतरून कोण दारात उभं राहणार? माझ्यासाठी आजवर कोणी इतकं थांबलेलं नाही. मिळालं की माणसं जातात, दाजी. मी पाहिलंय."

मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची तितकीच कीवही आली होती. काय करावं ते कळेना म्हणून मी गालिच्याचं दुसरं टोक धरून पिळायला लागलो. "फळ्याचं कोणीतरी सांगायला हवं," मी म्हटलं. "मी सांगू?"

"फळा माझा आहे," कैसू म्हणाली. "मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी सगळे जमले. वेलदोड्याचा गोड पाव कापून ठेवलेला. कैसू फळ्यापाशी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "आर्मासचा तीस चारदा आला. चारही वेळा मी खोटा आकडा लिहिला. ताउनोचा हात ठणठणीत आहे. बाटलीचा काही संबंध नाही."

मग हानेसचा आवाज. "म्हणजे माझा छत्तीस...?"

"तो खराच होता," कैसू म्हणाली.

हसू आलं सगळ्यांना, पण आर्मासकडे पाहून ते घशातच राहिलं. त्याचा चेहरा शिजलेल्या बिटासारखा झाला होता. त्याने कप टेबलावर ठेवला, अर्धा भरलेला, आणि उठून निघून गेला. आमच्याकडे नवराबायको भांडतात, भाऊ भाऊ बांधावरून कोर्टात जातात, पण कॉफी कोणी अर्धी टाकत नाही. तो कप कोणी उचलायला धजेना.

लिंडरूस साहेबांनी कैसूला लॅबमधून काढून ढलप्या चाळायला पाठवलं. त्या शनिवारी ती कोणी न सांगता सौनापाशी गेली आणि लाकडं फोडायला लागली. आचारी पायऱ्यांवर बसले होते. कोणी सल्ला दिला नाही, हानेसनेसुद्धा नाही. खांद्यावर टॉवेल टाकून आर्मास आला, कुऱ्हाड चालवणाऱ्या कैसूकडे पाहिलं आणि आंघोळ न करता माघारी वळला. कैसूने पुढचा ओंडका उभा केला. तो तिला तीन घावांतही फुटला नाही.

मासे बंद झाले. घरी रोज उकडलेलं सॉसेज आणि बटाटे. सायमी ताट आदळून म्हणायची, "कशाला नाक खुपसलंत? चांगलं चाललं होतं ना पोरीचं? तुमचा क्लोरीन काय रडत होता?"

"क्लोरीन नाही, मी रडत होतो!"

"मग रडायचं होतंत अजून महिनाभर."

वर कैसू खोलीतून बाहेर येईना. आली तर ऊन पडलंय की पाऊस तेवढंच विचारायची. करेलियाच्या बाईने हवापाण्यावर यावं, म्हणजे दुखणं मोठं. शेवटी एका रविवारी मी होडी काढून तळ्यापलीकडे गेलो. आर्मास गळ टाकून बसला होता. मीही त्याच्या होडीत बसलो. आमचं बोलणं म्हणजे काय, आधी बराच वेळ दोघांनीही पाण्याकडे बघायचं.

"लाकडं," आर्मास शेवटी म्हणाला.

"हं."

"लाकडं मी फोडली. आणि हानेस मला शिकवत होता. हानेस!"

"वाईट झालं."

"लगदा बरोबर होता."

"नेमका तीस होता," मी म्हटलं.

"मला वाटलं माझे हात गेले. मला वाटलं, आता हे काम आपल्याला झेपत नाही." एवढं बोलून तो दमला.

"आणि लग्नाचं रे?"

"लग्नाचं कोण बोलतंय? मी लगद्याचं बोलतोय."

मी पुन्हा पाण्याकडे बघितलं. त्याने गळ सारखा केला आणि म्हणाला, "तिने एकदा शिजवून बघावं. आपल्या हाताने. म्हणजे कळेल तीस कसा येतो ते."

"आणि नाही आला तर?"

"मासा लागलाय," आर्मास म्हणाला. "गप्प बस."

मी निरोप पोचवला. कैसू पांढरीफटक पडली. "म्हणजे तीस नाही आला तर मिटलं सगळं, असंच ना?"

"तो तसं काही म्हणाला नाही."

"तो काहीच म्हणत नाही, हाच तर वांधा आहे!"

तरी ती तयार झाली. हंडेघराचा मुकादम पेल्टोला नावाचा, त्याने डोकं खाजवलं. जुलैत काम मंद होतं, लिंडरूस साहेब सुट्टीवर होते. "आठ हंड्यांत एक बिघडला तर मिसळून जाईल," तो म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. आणि कैसू, झाकण नीट आवळ, मला तीन नातवंडं आहेत."

त्या सकाळी अख्खी गिरणी कामाच्या निमित्ताने हंडेघरातून ये-जा करत होती. कैसूने केस घट्ट बांधले होते. तिने ढलप्या सोडल्या, कॉस्टिकचं पाणी मोजून सोडलं, झाकण आवळलं, वाफ चालू केली. इथपर्यंत सगळं मोजण्याचं काम, तिला चोख जमलं. पुढचं काम वाट बघण्याचं. आर्मास एका पालथ्या बादलीवर बसला होता, हाताची घडी घालून.

"किती वेळ ठेवू?" कैसूने विचारलं.

"आचारी तू आहेस."

"तू किती ठेवतोस?"

"ढलप्या बघून."

"ढलप्या आत आहेत आर्मास!"

"हं," आर्मास म्हणाला.

तास गेला, दुसरा गेला. वाफेच्या दाबाचा काटा चढून ठरल्या जागी थांबला होता. कैसूच्या कपाळावर घाम. ती चावीपाशी जायची, माघारी यायची. मला म्हणाली, "दाजी, लॅबमध्ये थेंब चुकला तर दुसरी चिमूट घेता येते. इथे अख्खं जंगल आत आहे आणि मला एकच संधी. हा माणूस रोज हे कसं करतो हो?" हे तिने हळू म्हटलं होतं, पण पालथ्या बादलीवरच्या माणसाचे कान लाल झालेले मी पाहिले. त्याने सांगितलं मात्र काही नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

शेवटी तिचा धीर सुटला. जास्त शिजला तर परत आणता येत नाही, ही एकच भीती तिच्या डोक्यात बसली होती. तिने चावी फिरवली. हंडा गडगडला, जमीन हादरली, वाफेचा लोट उठला. लगदा खाली आला आणि बघितल्याबरोबर सगळ्यांना कळलं. त्यात काटक्याच काटक्या.

हानेसने एक काटकी उचलून दातात धरली. "कैसू, याला खिळे मारायचे की डिंकाने चिकटवायचा? डिंक तर आत आहेच."

"तोंड बंद कर," आर्मास म्हणाला.

आपला लगदा आपणच मोजायचा नाही, हा कैसूचाच नियम. लॅबमधली दुसरी बाई रजेवर. तेव्हा आर्मासने बादली उचलली आणि चार जिने उतरून लॅबमध्ये गेला. मागून आम्ही सगळे. तिने सांगायचं, त्याने करायचं. ती चिमटीएवढी काच त्याच्या पंजात बघून माझाच जीव वर-खाली व्हायला लागला.

"थेंब थेंब! अरे थेंब थेंब! कॉफी ओततोयस का?"

"कोण मोजतंय?"

"तू."

"मग गप्प."

ती गप्प बसली, ओठ चावून. खुणेसाठी स्टार्च घातल्यावर चढलेला निळा रंग फिकट होत गेला आणि एका थेंबासरशी नाहीसा झाला, तसा आर्मास थांबला. त्याने नळीवरची खूण वाचली. तिने हिशेब कसा मांडायचा ते सांगितलं, त्याने मांडला, आणि कागद तिला न दाखवता कॉफीच्या खोलीकडे चालू लागला.

फळ्यापाशी त्याने खडू उचलला. आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे. हानेस, तोच हानेस, दबक्या आवाजात म्हणाला, "तीस लिही रे मर्दा. लिहून टाक आणि मिटव."

"लिही," मीही म्हटलं. "क्लोरीनचं मी बघतो. रडेन दोन दिवस."

"खबरदार!" कैसू ओरडली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज फळ्याच्या मालकिणीचा होता. "माझ्या फळ्यावर खोटं लिहायचं नाही. मी लिहिलं तेवढं पुरे झालं. काय असेल ते लिही आर्मास, आणि जा."

आर्मासने कैसूचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे भला मोठा सत्तेचाळीस काढला. इतका कच्चा आकडा त्या फळ्याने पूर्वी पाहिला नव्हता. मग त्याने बोटांवरचा खडू पँटला पुसला, आकड्याकडे पाहिलं आणि तिच्याकडे वळला.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "मला चालेल."

"काय म्हणालास?" कैसूने विचारलं.

आणि आर्मासने एक वाक्य दोनदा बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.